सासूबाईंच्या ताटात काय आणि मंचावर कोण?

पत्र

आम्ही सॅन होजेला राहतो. सासू-सासरे सध्या कोल्हापूरहून आमच्याकडे आलेत. नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून हवाईला चाललोय, चार रात्री ओआहू बेटावर आणि चार रात्री माउई बेटावर. तिथे लुआउ, म्हणजे हवाईची नाच-गाण्यासह होणारी मेजवानी, बघायचाच, असं मुलीने ठरवून टाकलंय. ती नऊ वर्षांची आहे, कथक शिकते. मी शोधायला बसते आणि गोंधळून जाते. प्रत्येक जाहिरातीत ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘बेटावरचा सर्वोत्तम’. माणशी दोनशे डॉलर धरले तर आम्हा पाच जणांचे हजारापर्यंत जातात. सासूबाई माळकरी आहेत, शिवाय त्यांचे गुडघे दुखतात. सासरे मासे-मटण खातात, पण डुक्कर आणि गाय नाही. दारूला शिवत नाहीत. गावी भजनी मंडळात पखवाज वाजवतात. नवरा म्हणतो, माउईच्या आपल्या हॉटेलच्या हिरवळीवरच लुआउ असतो, तो बघू आणि मोकळे होऊ. मला मात्र आतून वेगळंच खुपतंय. दुसऱ्यांची परंपरा अशी तिकीट काढून बघणं बरं का? आणि माउईवरचं लाहाइना गाव आगीत जळून गेलं, तिथे आपण मजा करायला जावं का?

— एक वाचक

उत्तर

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण सहलीची एवढी आखणी करताना शेवटचे दोन प्रश्न फार कमी लोकांना पडतात. आधी उत्तर सांगते, कारणं मागून. ओआहूवर लुआउ करू नका. माउईवर ओल्ड लाहाइना लुआउची पाच तिकिटं काढा, टेबल-खुर्चीची, आणि आजच काढा. नाताळच्या आठवड्यातल्या जागा फार आधी भरतात.

आता ‘अस्सल’ या शब्दाबद्दल. तिकीट लावलेला कुठलाच लुआउ जुन्या काळातून जसाच्या तसा आलेला नाही, आणि तसं सांगणाऱ्या जाहिरातीवर मी विश्वास ठेवणार नाही. मुळात या मेजवानीचा इतिहासच एक मोठा नियम मोडण्यापासून सुरू होतो. पूर्वी हवाईत स्त्रिया आणि पुरुष एका पंगतीला बसत नसत. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी हे स्त्रियांना वर्ज्य होतं, आणि नियम मोडला तर शिक्षा मृत्यूची. १८१९मध्ये हवाईचा राजा पहिला कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी यांनी तरुण राजा लिहोलिहोला पटवलं, आणि तो सगळ्यांसमोर स्त्रियांच्या पंगतीला जाऊन जेवला. त्या एका जेवणाने जुनी बंधनव्यवस्था कोसळली. ही पंगत झाली बिग आयलंडवर, म्हणजे हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर, कोनाच्या किनाऱ्यावर, कामाकाहोनू इथे. आज त्या जागेला लागूनच एक मोठं हॉटेल आहे. कधी बिग आयलंडला गेलात तर तिथे थोडा वेळ थांबा. सासूबाईंना ही गोष्ट नक्की सांगा, त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पुढे राजांच्या काळात मेजवान्या अवाढव्य झाल्या. १८४७ साली तिसऱ्या कामेहामेहाने दिलेल्या लुआउची यादी नोंदलेली आहे. त्यात २७१ डुकरं, ४,००० अळूचे कंद, पोईची, म्हणजे कुटलेल्या अळूच्या लगद्याची, ४८२ मोठी भांडी आणि २,२४५ नारळ होते. आणि दुसऱ्या टोकाला घरगुती लुआउ, जो आजही होतो. बाळाचा पहिला वाढदिवस, पदवी मिळाली, लग्न ठरलं, की परसात खड्डा खणायचा, शेजारी-पाजारी कामाला येणार, काकांनी डुक्कर लावायचं, मावशांनी पानं गुंडाळायची. अस्सल म्हणाल तर तो. पण तो विकत मिळत नाही. त्याचं आमंत्रण यावं लागतं. तिकिटाचा लुआउ हा पर्यटनाबरोबर वाढलेला वेगळा प्रकार आहे. म्हणून ‘कोणता अस्सल’ हे विचारण्यापेक्षा मी असं विचारीन की मंचावर कोण आहे आणि ते कोणाची गोष्ट सांगताहेत.

याचं कारण नाचात आहे. बहुतेक लुआउंमध्ये दिसतो तो सगळ्या पॉलिनेशियाचा, म्हणजे प्रशांत महासागरातल्या हवाईसारख्या अनेक बेटांचा, मिळून केलेला कार्यक्रम. दोन्ही टोकांना पेटवलेलं हत्यार गरगर फिरवणारा नाच सामोआचा आहे. ढोलांच्या जलद तालावर कंबर हलवणारा नाच ताहितीचा. जीभ काढून मांडीवर थापा मारत केलेला हाका न्यूझीलंडच्या माओरींचा. सुकलेल्या गवताचे घागरेसुद्धा हवाईचे नव्हेत, ते गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर आले. हुला हा हवाईचा स्वतःचा नाच; ती करणाऱ्या स्त्रिया पूर्वी झाडाच्या सालीच्या कापडाचं वस्त्र नेसत, नाहीतर ‘टी’ नावाच्या तिथल्या झाडाच्या हिरव्या पानांचं. हे सगळे नाच आपापल्या जागी सुंदरच आहेत. सूत्रधार प्रत्येक नाचाआधी ‘हा सामोआचा, हा ताहितीचा’ असं सांगत असेल तर तक्रारीला जागा नाही. पण सगळ्याला मिळून ‘प्राचीन हवाई’ म्हणणारा कार्यक्रम मुलीला चुकीचं शिकवून पाठवेल. शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत मला तेवढं नको वाटतं.

हुलाने फार सोसलंय. १८२०मध्ये मिशनरी आले, काआहुमानू ख्रिस्ती झाली आणि १८३०मध्ये तिने जाहीर हुलावर बंदी घातली. कित्येक वर्षं हुला घराआड, खेड्यापाड्यात जगली. राजा कालाकाउआने १८८३च्या आपल्या राज्याभिषेकात ती पुन्हा सगळ्यांसमोर आणली. पुढे दहाच वर्षांत, १८९३मध्ये, त्याची बहीण राणी लिलिउओकालानी हिला गादीवरून काढलं गेलं. १८९६मध्ये शाळांतून हवाईयन भाषेत शिकवणं बंद झालं. आज ती भाषा आणि हुला दोन्ही पुन्हा उभी आहेत, ती गुरूंच्या हट्टामुळे. हुलाच्या गुरूला कुमु हुला म्हणतात आणि त्यांच्या शाळेला हालाउ. म्हणून बुकिंगआधी फोन करून एवढंच विचारा की तुमच्या कार्यक्रमाचे कुमु हुला कोण आहेत? जिथे नाव अभिमानाने सांगतात तिथे जा. जिथे पलीकडचा माणूस गप्प होतो तिथे पैसे घालू नका.

तुमचा ‘तिकीट काढून बघणं बरं का’ हा प्रश्नही इथेच सुटतो, निदान माझ्यासाठी. हवाईच्या लोकांमध्ये याबद्दल एकमत नाही. कित्येकांना पर्यटकांचा लुआउ बोचतो आणि त्यांच्या बोचण्याला कारण आहे. पण हुला करून घर चालवणारे, संध्याकाळी मंचावर आणि सकाळी हालाउमध्ये मुलांना शिकवणारे लोकही त्यांच्यातलेच आहेत. त्यांची कला त्यांच्याच तोंडून ऐकायला पैसे मोजणं मला गैर वाटत नाही. त्यांना वगळून कोणी ती विकत असेल तर गैर आहे.

ओल्ड लाहाइनाला मी पहिली पसंती देते ती यासाठी. १९८६पासून चालू असलेल्या या लुआउत अग्निनृत्य नाही, मुद्दामच ठेवलेलं नाही. कार्यक्रम हवाईचाच आहे आणि हुलाचा प्रवास क्रमाने मांडतो. आधी मंत्रासारख्या पठणावर आणि तालवाद्यांवर चालणारी जुनी हुला, जिला काहिको म्हणतात. नंतर उकुलेले-गिटारवरची नवी हुला, आउआना. मुलीला आधी सांगून ठेवा की हुलामध्ये शब्द पहिला. गाणं नसेल तर नाच नाही. हात, नजर आणि पावलं त्या शब्दांचा अर्थ दाखवतात. जायच्या आधी हिलो शहरात ईस्टरनंतरच्या आठवड्यात भरणाऱ्या मेरी मोनार्क महोत्सवातल्या हुला स्पर्धांची चित्रफीत तिच्यासोबत बघा. ही स्पर्धा १९७१पासून चालू आहे, हालाउ तिच्यासाठी वर्षभर घाम गाळतात. एवढं बघून गेली की लुआउत तिचं लक्ष आपोआप बरोबर जागी जाईल.

सासऱ्यांना कार्यक्रमाआधी दोन वाद्यं दाखवा. ‘पाहू’ हा लाकूड कोरून केलेला ढोल, तोंडावर शार्क माशाचं कातडं. इपू हेके म्हणजे दोन भोपळे एकावर एक जोडलेलं वाद्य, ते जमिनीवर ठेवलेल्या कापडाच्या घडीवर आपटून आणि बोटांनी थापून वाजवतात. हे वाजवणारा बहुधा स्वतःच पठणही करतो. पखवाज वाजवणाऱ्या माणसाला हे बघून किती बोलावंसं वाटेल! वादकांशी कार्यक्रमानंतर बोलता येतं का ते विचारा. मात्र न विचारता वाद्याला हात लावायचा नाही. ‘पाहू’ ढोल पवित्र मानतात, आणि हे सासऱ्यांना समजावून सांगायची गरजच पडणार नाही.

आता जेवण. तुमच्या घरात खरी काळजी याचीच असणार.

लुआउच्या मध्यभागी असतो इमू, जमिनीतला खड्डा. तळाशी तापवलेले ज्वालामुखी दगड, त्यावर केळीचे सोपट ठेचून, टीची पानं, अख्खं डुक्कर, वर पुन्हा पानं, ओली गोणपाटं आणि माती. कित्येक तास वाफेवर शिजल्यावर मांस सुटून येतं, ते कालुआ. संध्याकाळी पाहुण्यांसमोर खड्डा उघडतात आणि डुक्कर वर काढतात. सासूबाईंना ते बघायचं नसेल तर अजिबात उभं राहू नये, कोणी वाईट मानत नाही. त्याच वेळात आवारात हार ओवणं किंवा सालीचं कापड ठोकणं दाखवणारे कारागीर असतात, तिथे त्यांना घेऊन थांबा. सासऱ्यांसाठी मात्र सावध राहा. लाउलाउ म्हणून जी पानांत गुंडाळलेली पुरचुंडी येते, तीत बहुधा डुकराचं मांस असतं. पुष्कळ लुआउंमध्ये गोमांसही वाढतात. लोमी सामन आणि पोके हे दोन्ही कच्च्या माशाचे प्रकार आहेत, ते आवडणार नाहीत असं मला वाटतं. शेवयांसारखे लांब तंतू घातलेलं कोंबडीचं चिकन लाँग राइस त्यांना चालेल, शिजवलेली मासळीही असते. वाढणाऱ्याला प्रत्येक पदार्थ विचारूनच घ्या.

सासूबाईंसाठी जी गोष्ट मला सगळ्यात आधी सांगायची होती ती अळूची. हवाईचा संसार अळूवर उभा आहे. आपण ज्याची वडी आणि फदफदं करतो तेच हे झाड. होड्यांतून समुद्र ओलांडताना पॉलिनेशियन लोकांनी त्याचे कंद बरोबर नेले. त्यांच्या कथेत आकाशपिता वाकेआ याचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे अळू उगवला. दुसरा मुलगा हालोआ, त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, अशी रीत आहे. पोई म्हणजे अळूचा कंद उकडून, कुटून, पाण्याने सैल केलेला जांभळट-करडा लगदा. नीट शिजवलेला असल्याने घशाला खाजत नाही. ताजी पोई सौम्य लागते, दोन-तीन दिवसांची आंबट होते. बरेच पाहुणे एक बोट चाखून नाक मुरडतात आणि मग त्यावर हसतात. कृपा करून तुमच्या टेबलावर तसं होऊ देऊ नका. ते थोरल्या भावाचं अन्न आहे. मिठाची चिमूट घालून किंवा एखाद्या खारट पदार्थाबरोबर खाल्ली तर पोई आवडते.

पोई, भात, उकडलेलं रताळं, कधी निरफणसाच्या जातीचं उलू, कोशिंबिरी आणि फळं एवढं माळकरी माणसाला मिळतं. शेवटी हाउपिआ, नारळाच्या दुधाची खरवसासारखी थरथरती वडी. हे सगळं असूनही बुकिंग करताना शाकाहारी जेवण लेखी मागा. मांस, मासे, त्यांचं पाणी किंवा चरबी काहीच नको, असं स्पष्ट लिहा. तिथे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर माशाचा रस्सा चालतो असं समजणारे भेटतात. अळूच्या पानांची भाजी दिसली की सासूबाई हरखून हात पुढे करतील, पण थांबवा. ती बहुतेक वेळा माकूळ किंवा कोंबडी घालून करतात. हाउपिआतही जिलेटिन नाही ना, ते विचारा. आणि तारीख ठरवताना पंचांगात एकादशी बघून घ्या.

ओआहूबद्दल. तिथलं नावाजलेलं ठिकाण म्हणजे लाइए गावातलं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर. १९६३ साली मॉर्मन चर्चने ते उभारलं, शेजारच्या त्यांच्या विद्यापीठातले विद्यार्थी तिथे काम करून शिक्षणाचा खर्च भागवतात. दारू अजिबात नसते. सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती, माओरी आणि हवाई अशा प्रत्येकाची वेगळी वाडी आहे, त्यामुळे कोणता नाच कुठला हा घोळ तिथे होत नाही. सासऱ्यांना दारू नको म्हणून तुम्ही तिकडे झुकत असाल तर मला समजतं. पण तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे, चालणं भरपूर, रात्री होनोलुलूतल्या वायकीकीला परतायला गाडीने तास-सव्वातास. दुखऱ्या गुडघ्यांना ते सोसवणार नाही. माउईच्या लुआउत मद्य तिकिटातच धरलेलं असतं, पण घ्यायची सक्ती नसते. सासऱ्यांना फळांचा रस सांगा. गाडी चालवून परतणाऱ्यालाही तोच.

ओआहूवर त्याऐवजी एक करा. बेटाच्या पूर्व किनाऱ्याने कामेहामेहा महामार्गावरून गाडी घ्या आणि वाइआहोलेच्या जुन्या पोई कारखान्यात थांबा. तिथे ताजी पोई मिळते आणि कुलोलो, म्हणजे अळू आणि नारळाचा शिजवून केलेला गोड पदार्थ. सासूबाईंना आवडला तर लुआउतल्या पोईची भीती राहणार नाही. आणि नवऱ्याला कालुआ, लाउलाउ हे सगळं नीट खायचं असेल तर होनोलुलूत १९४६पासून चालू असलेल्या हेलेनाज हवाईयन फूडमध्ये जाऊ दे. शेकडो लोकांसाठी एकदम रांधलेल्या लुआउच्या जेवणापेक्षा तिथलं जेवण चांगलं आहे.

लाहाइनाचा प्रश्न. ८ ऑगस्ट २०२३च्या आगीत तिथे शंभराहून अधिक माणसं गेली, दोन हजारांहून जास्त इमारती जळाल्या. एके काळी ते हवाईच्या राज्याची राजधानी होतं. लुआउची जागा गावाच्या उत्तरेला समुद्राकाठी आहे, ती वाचली, आणि २०२४मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. तिथे काम करणाऱ्या कित्येकांची घरं गेलेली आहेत. तुम्ही गेलात तर त्यांना काम मिळतं, म्हणून जा. मात्र जळलेल्या भागात गाडी थांबवून फोटो काढू नका. ‘तुमचं घर वाचलं का?’ असं वाढणाऱ्याला विचारू नका. त्याने स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्या. मुलीला हे विमानातच सांगा.

बाकी बारीकसारीक. ओल्ड लाहाइनात मंचाजवळ चटईवर मांडी घालून बसायची जागाही मिळते. मुलीला ती हवीशी वाटेल, पण गुडघ्यांसाठी खुर्चीच घ्या. जास्त पैसे देऊन पुढची रांग घ्यायची तर ती मुलीसाठी योग्य खर्च आहे, बाकी कशासाठीही जास्त मोजू नका. मुलांचं तिकीट कमी असतं. डिसेंबरात हवाई तुमच्यापेक्षा दोन तास मागे, म्हणजे तिथे रात्री आठला सासू-सासऱ्यांच्या शरीराला दहा वाजलेले असतात. तुम्ही माउईला पोचाल तोवर ते रुळलेले असतील, तरी उतरल्या दिवशी लुआउ ठेवू नका, दुसरी किंवा तिसरी संध्याकाळ बरी. समुद्रावरचा वारा आणि हिवाळ्यातली सर धरून दोघांना शाल द्या. आत जाताना गळ्यात फुलांचा लेई घालतील, तो देणाऱ्यासमोर काढून ठेवायचा नाही, घरी जाईपर्यंत राहू द्या.

नवऱ्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. ओल्ड लाहाइनाला तुमच्या तारखांना जागा नसतील, किंवा त्या दिवशी सासूबाईंचे गुडघे फारच धरले असतील, तर हॉटेलच्या हिरवळीवरचा लुआउ घ्या. तिथून त्या कधीही उठून खोलीत जाऊ शकतात. फक्त पैसे भरण्याआधी तेच तीन प्रश्न विचारा. कुमु हुला कोण आहेत, कोणता नाच कुठला ते सांगता का, आणि शाकाहारी ताट वेगळं रांधता का. अग्निनृत्य असेल तर मुलीच्या कानात सांगा, हे सामोआचं.